अंधारबाई

कौसल्याबाईंना कोणी काही सांगितलं की त्या आधी एक डोळा बारीक करायच्या आणि मग विचारायच्या, "कशावरून?"

पुसदच्या मुलींच्या शाळेत मी मराठी शिकवायला लागले तो माझा पहिलाच दिवस. शिक्षकांच्या खोलीत बसल्या बसल्या काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "आज उकाडा फार आहे." शेजारच्या खुर्चीवरच्या सावळ्या, उंच, पांढऱ्या सुती लुगड्यातल्या बाईंनी माझ्याकडे तसंच पाहिलं. "कशावरून? कालच्यापेक्षा?" मी गोंधळले. त्या उठल्या, विज्ञानाच्या खोलीत गेल्या, भिंतीवरचा तापमापक पाहून परत आल्या. "तुमचं बरोबर आहे. कालच्यापेक्षा जास्त आहे," त्यांनी सांगितलं आणि वह्या तपासायला घेतल्या. थट्टा नव्हती, टोमणा नव्हता. मी खरं बोलले की नाही एवढंच त्यांनी पाहून घेतलं होतं.

दूधवाल्याशी त्यांचं रोजचं चालायचं. दुधाचे दोन थेंब बशीत घ्यायचे, त्यावर शाळेतल्या बाटलीतलं आयोडीन टाकायचं आणि बशी खिडकीशी नेऊन बघायचं. "पीठ दिसत नाही. पाण्याचं पाहावं लागेल." एकदा तो वैतागून म्हणाला, "बाई, म्हैसच आणून बांधू काय तुमच्या दारात?" बाई शांतपणे म्हणाल्या, "बांधा. पण ती काय खाते ते मले पाहावं लागन." वर्गात त्या पुस्तकातल्यासारखं मराठी बोलत. बाजारात, घरात किंवा मन हललं की मुकुटबनकडची बोली आपसूक बाहेर यायची.

मुकुटबन त्यांचं गाव. वडील छप्पन साली नागपूरला जाऊन बौद्ध झाले, घरातल्या भिंतींवरचे देव त्यांनी स्वतःच्या हातानं पुसून भिंती पांढऱ्या केल्या. कौसल्याबाई तेव्हा नागपूरला बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होत्या. पुसदला येण्याआधी त्यांनी आणखी एका गावी नोकरी केली होती. त्या गावाबद्दल त्या बोलत नसत.

मी त्यांना पहिल्यांदा घरी नेलं तेव्हा थोडंसं कळलं. माझे वडील कोर्टात कारकून होते. आमचं घर तसं जुन्या वळणाचं. आईनं चहा आणला. कौसल्याबाईंनी कप हातात घेतला, तो जरा फिरवून पाहिला, मग माझ्या कपाकडे पाहिलं, आईच्या कपाकडे पाहिलं. तिन्ही एकाच संचातले होते. मगच त्यांनी घोट घेतला. परत जाताना वाटेत त्या एवढंच म्हणाल्या, "आधीच्या शाळेत माझा कप कोनाड्यात ठेवत. कान तुटलेला होता. रोज तोच." मी घरी आले तर आई मोरीशी उभी होती. हातात तो कप होता. बराच वेळ ती तशीच उभी राहिली. मग तिनं तो बाकीच्या कपांबरोबर विसळला आणि फळीवर त्यांच्याच रांगेत ठेवला. त्यानंतर कौसल्याबाई आमच्याकडे वरचेवर येत. पण कप फिरवून बघायची सवय त्यांची कधी गेली नाही.

"अंधारबाई" हे नाव मुलींनी ठेवलं. त्याला कारण झाली मोहरी.

नववीच्या पुस्तकात एक धडा होता. बी रुजतं तेव्हा मूळ खाली जातं आणि कोंब वर येतो. पृथ्वीच्या ओढीमुळे असं होतं. बाजूला काचेच्या बरणीचं चित्र. इतर शाळांतून हा धडा वाचून दाखवत. कौसल्याबाईंनी खरीच बरणी आणली, आत ओला टीपकागद लावला, काच आणि कागद यांच्यामध्ये मोहरीचे दाणे बसवले आणि बरणी वर्गाच्या खिडकीत ठेवली. मोड आले. मुळं वाढू लागली, पण सरळ खाली जाईनात. सगळीच्या सगळी तिरपी, खिडकीपासून लांब, वर्गाच्या आतल्या बाजूला वळलेली.

विमल नावाची एक मुलगी होती, दोन वेण्यांची, धिटुकली. तिनं हात वर केला. "बाई, पुस्तकात तर सरळ खाली जाते म्हणून लिहिलं आहे. मग आपली काहून तिरपी चालली?"

दुसरी कोणी बाई असती तर म्हणाली असती की बरणी हलली असेल. कौसल्याबाई त्या दिवशी मधल्या सुट्टीत जेवल्यासुद्धा नाहीत. मला हाताला धरून वर्गात नेलं. "कुमुदबाई, पाहा. हे खिडकीकडे पाठ करून राह्यले. ओढ जमिनीची असती तर खिडकीशी काय वैर?" मग मलाच विचारलं, "जमिनीत उजेड असतो काय?"

"नाही."

"मग आपण काचेतून जे पाहतो ते खरं मूळ, का उजेडाला भ्यालेलं मूळ? पुस्तक लिहिणाऱ्यानं अंधारात पाहिलं होतं काय?"

त्या दिवसापासून त्यांचं पुस्तकावरचं मन उडालं. एका फोटोवाल्याकडून त्यांनी काळा कागद मिळवला. एक बरणी त्या कागदात गुंडाळलेली, एक उघडी. काळ्या कागदातली मोहरी सोडवून पाहिली तर मुळं सरळ खाली गेलेली, शिवाय उघड्या बरणीतल्यांपेक्षा लांब. मग बरणी आडवी करून पाहिली. अंधारातली मुळं काटकोनात वळून पुन्हा खाली निघाली. उजेडातली मात्र कुठे खाली, कुठे बाजूला, वाट चुकल्यासारखी. मुली खूष होत्या. शाळेच्या खोलीत मात्र सारखं कोणीतरी कागद उचलून पाहायचं, म्हणून बाईंनी सगळा पसारा घरी हलवला.

घर म्हणजे खालाच्या वाड्यातली एक खोली. खाला ही शिवणकाम करणारी विधवा मुसलमान बाई. गावात कौसल्याबाईंना इतर कोणी खोली दिली नव्हती. जो तो आडनाव विचारी, मग गाव विचारी, मग म्हणे, खोली कालच गेली. खालानं फक्त एवढंच विचारलं होतं, "भाडं वेळेवर देणार ना?" बाईंच्या खोलीत भिंतीत एक लाकडी कपाट होतं. फटींना त्यांनी काळा कागद चिकटवला, दाराला आतून गोधडीचं कापड लावलं आणि बाहेरून कुलूप घातलं. दिवसातून एकदा, खिडकी बंद करून, अंधारात चाचपडतच त्या आत पाणी शिंपडायच्या.

आता एकटी राहणारी तरुण बाई, बंद खिडकी आणि कुलूपबंद कपाट. गल्लीला एवढं पुरे होतं. सगळ्यात आधी खालालाच राहवेना.

"बाई, अलमारीत काय ठेवलं तुमी?"

"मुळं."

"कायची मुळं?"

"मोहरीची. मक्क्याची."

"मोहरीच्या मुळाला कुलूप?" खालाचा विश्वास बसला नाही. एकदा बाई शाळेत असताना तिनं दुसरी किल्ली लावून पाहिली. संध्याकाळी बाईंना कळलं, कारण मोहरीची मुळं एका बाजूला कलली होती. खाला म्हणाली, "अल्ला कसम, मी हात नाही लावला! फक्त दरवाजा उघडून पाह्यला." बाईंनी कपाळावर हात मारला. "पाहायलाच तर नको होतं, खाला!" या बोलण्यानं खालाचा संशय गेला नाही, उलट वाढला. जे पाहिल्यानं बिघडतं ते चांगलं काम कसं असेल?

आणि त्यांच्या तोंडचा तो शब्द, मुळं. बाई तो शब्द इतक्या सहज वापरत की ऐकणाऱ्याच्या मनात काय येतं ते त्यांच्या ध्यानातच येत नसे. मुळी म्हणजे काय, ती कोण देतं आणि कोणत्या अडचणीतल्या बाईला देतं, हे पुसदमधल्या प्रत्येक संसारी बाईला ठाऊक होतं. पोट पाडायला देतात ती मुळी. गल्लीतून बाजारात आणि बाजारातून शाळेच्या फाटकापर्यंत कुजबुज पोचायला फार दिवस लागले नाहीत. त्यात विमल आणि तिच्या दोन मैत्रिणी रविवारी बाईंकडे जायच्या, उजेडातल्या बरण्या पाहायला. मीही कधीमधी असायची. मी बाईंना एकदा म्हटलं, "मुलींना घरी बोलावू नका. लोक भलतंच बोलतात."

"काय बोलतात?"

मी सांगितलं. त्यांनी डोळा बारीक केला. मग म्हणाल्या, "तुम्हाला काय वाटते?"

"मला काय वाटायचं आहे? मी स्वतः बरण्या पाहिल्यात."

"कपाट नाही पाहिलं," त्या म्हणाल्या. मला राग आला आणि तो माझ्या तोंडावर दिसला असावा. "रागावू नका. खरं तेच म्हटलं. तुम्ही कपाट पाहिलं नाही." त्यांचं हे असंच होतं. स्वतःच्या बाजूनं कोणी बोललं तरी त्याची साक्ष त्या पारखून घ्यायच्या.

थंडी सरत आली असेल, विमल शाळेत येईनाशी झाली. पहिले काही दिवस कोणी लक्ष दिलं नाही. मग कळलं, पोट दुखतं, उलट्या होतात, ताप आहे. तिचं लग्न ठरवायचं चाललं होतं. वडील नव्हते, आई आणि काका. त्यांनी पोरीला खोलीत ठेवलं आणि दार लावून घेतलं. एक वैदू येऊन काढे देऊन गेला. गावानं मात्र आपल्यापुरतं सगळं जुळवून टाकलं होतं: पोरगी अंधारबाईकडे जात होती, अंधारबाई मुळ्या ठेवते, आता पोरीचं पोट दुखतं.

एका सकाळी मी बाईंच्या खोलीवर बसलेली असतानाच बाहेर पावलं वाजली. शाळेच्या समितीचे सेक्रेटरी होते, त्यांना सगळे वकीलसाहेब म्हणत. त्यांच्याबरोबर आमच्या मोठ्या बाई, सरकारी दवाखान्यातली नर्स आणि मागे डोक्यावर पदर ओढलेली विमलची आई. गल्लीतली माणसं फाटकाशी थांबली.

वकीलसाहेबांनी घसा साफ केला. "कौसल्याबाई, तक्रार आली आहे. ते कपाट उघडून दाखवा. एवढंच काम आहे."

"आज नाही उघडता येत," बाई म्हणाल्या.

मोठ्या बाईंनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, आता हे संपलं.

"का नाही?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"मक्का आहे आत. रुजत घातल्यापासून त्याला उजेड लागलेला नाही. याआधी दोनदा बिघडलं. उद्या दुपारी मी स्वतः उघडणार आहे, तेव्हा पाहा."

"म्हणजे आज रात्रीतून आतलं काढून टाकायला वेळ," वकीलसाहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. कोर्टात बोलावं तसं ते बोलले.

"तुमचं कुलूप लावा न मग," बाई म्हणाल्या. "माझ्या कुलुपाच्या खाली. पण माझं काढायचं नाही. रात्रीतून आत काही ठेवलं जाणार नाही कशावरून?"

वकीलसाहेबांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मला वाटतं, त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. खालाकडून एक जाडजूड कुलूप आलं, ते त्यांनी लावलं, ओढून बघितलं, किल्ली खिशात टाकली. बाईंनीही दोन्ही कुलपं ओढून बघितली. खालाला दाराशी बसवायचं ठरलं, कारण तिच्यावर दोन्ही बाजूंचा सारखाच अविश्वास होता.

एवढा वेळ गप्प असलेली विमलची आई एकदम पुढे आली. "कुलूप कायले लावता? तिनं काय चारलं माह्या पोरीले ते विचारा तिले!"

बाई तिच्याकडे वळल्या. आणि मग त्यांचा आवाज बदलला, तो मी कधी ऐकला नव्हता. "विमल कुठं आहे? दवाखान्यात नेलं काय?"

"दवाखान्यात नेऊन गावभर करू?"

"पोट कोणत्या बाजूला दुखते?"

"तुले कायले सांगू?"

"मले नको सांगू. या नर्सबाईले सांग." बाईंनी वकीलसाहेबांचा हात धरायचाच बाकी ठेवला. "साहेब, तुम्ही सगळे इथं कपाट पाहायला आले. पोरीचं पोट कोणी पाहिलं काय? मुळी दिली, मुळी दिली. कशावरून? कोणी तिला हात लावून पाहिलं?"

नर्स हळूच म्हणाली, "मला पाहू देतील तर..." विमलची आई मागे सरकली. ती घाबरली होती, आणि नर्स काय सांगेल याची भीती तिला आजारापेक्षा जास्त होती, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. बाई तिच्या अगदी जवळ गेल्या. हात जोडले नाहीत, समजूत घातली नाही. म्हणाल्या, "माह्यावर संशय घे. पण पोरीवर नको घेऊ. जाऊ दे नर्सबाईले. आत्ता."

नर्स गेली आणि जवळजवळ धावतच परत आली. उजव्या बाजूला हात लावू देत नाही, पोट फळीसारखं झालंय, आंत्रपुच्छ सुजलेलं दिसतं, इथं काही होणार नाही, यवतमाळला नेलं पाहिजे. वकीलसाहेबांच्या ओळखीच्या माणसाची एक जीप होती. तासाभरात विमल, तिची आई आणि नर्स यवतमाळच्या वाटेला लागल्या. बाई शाळेत गेल्या. तासावर गेल्या. फळ्यावर लिहिताना त्यांच्या हातातला खडू दोनदा मोडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी निरोप आला. ऑपरेशन झालं होतं. आणखी उशीर झाला असता तर पोरगी हाती लागली नसती, असं डॉक्टर म्हणाले होते. वकीलसाहेब किल्ली घेऊन मोठ्या बाईंबरोबर खोलीवर आले, पण दाराशीच थांबले. "आता कपाट उघडायची गरज नाही, बाई. प्रश्न मिटला."

"नाही मिटला," बाई म्हणाल्या. "कुलूप तुम्ही लावलं. न पाहता गेले तर गाव म्हणेल, काही होतं म्हणूनच पाहिलं नाही. उघडा."

दोन्ही कुलपं निघाली. खाला सगळ्यांच्या पुढे. आत काचांच्या मध्ये टीपकागदावर मोहरी होती, पांढऱ्याशुभ्र दोऱ्यासारखी मुळं, सगळी सरळ खाली. खाला म्हणाली, "ये तो सच में मोहरी है!" आणि तिला फार वाईट वाटल्यासारखं दिसलं.

बाई तिकडे पाहतच नव्हत्या. त्या मक्क्यापाशी वाकल्या होत्या. मक्क्याचे दाणे त्यांनी मोड आडवे राहतील असे बसवले होते. मोहरीसारखीच अंधारात ती मुळं झटकन खाली वळतील अशी त्यांची खात्री होती. मुळं वळली नव्हती. जशी आडवी ठेवली तशीच आडवी वाढली होती.

"हे असं कसं?" त्या म्हणाल्या. खोलीत चार माणसं त्यांच्या अब्रूचा निकाल ऐकायला उभी होती आणि या बाई मक्क्याशी बोलत होत्या. "इतके दिवस मी पोरींना सांगून राह्यली, मुळाला उजेड नको. मोहरीले नको. मग तुले काय झालं?"

त्यांनी त्या काचा खिडकीत उजेडाला धरल्या, थोडा वेळ तशाच ठेवल्या आणि पुन्हा कपाटात आत लोटल्या. "उद्या पाहतो," म्हणाल्या. मोठ्या बाईंना हायसं वाटलं, त्या निघून गेल्या. वकीलसाहेब मात्र रेंगाळले.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच आले. कपाट उघडलं तर मक्क्याची मुळं टोकाशी खाली वळलेली होती. बाई खुर्चीवर बसल्या आणि हसल्या. असं मोकळं हसताना मी त्यांना फारच कमी पाहिलं. "याले खाली जायला थोडा उजेड लागते! मोहरीची उजेडात वाट चुकते आणि याले उजेड दाखवल्याशिवाय वाट सापडत नाही."

"कशावरून उजेडानंच वळलं?" वकीलसाहेब म्हणाले.

बाईंनी चमकून वर पाहिलं.

"काचा तुम्ही हलवल्या. खिडकीत ऊन होतं, म्हणजे ऊबही लागली असेल. किंवा एक दिवस जास्त गेला म्हणून उशिरानं वळलं असेल. उजेडानंच वळलं हे कसं सांगता?"

मला वाटलं, आता बाई दुखावतील. पण त्यांचा चेहरा उजळला. पुसदला आल्यापासून पहिल्यांदाच कोणीतरी त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोललं होतं. त्या लगेच कामाला लागल्या. काही काचा हलवायच्या पण उजेड दाखवायचा नाही. काही नुसत्या उबेला ठेवायच्या. काही उजेडात, पण गार सावलीच्या उजेडात. पुढचे कितीतरी दिवस वकीलसाहेब कोर्टातून येताना खोलीवर डोकावत. दोघं बरण्यांपुढे उभी राहून एकमेकांचं म्हणणं खोडत. शेवटी वकीलसाहेब म्हणाले, "मान्य. उजेडानंच." बाई म्हणाल्या, "माझ्या या मक्क्यापुरतं मान्य करा. दुसऱ्या जातीच्या मक्क्याचं मी पाहिलं नाही."

वर्गात त्यांनी मुलींना सांगितलं, "मी तुम्हाला अर्धवट शिकवलं होतं. वहीत दुरुस्त करा." बाईंनी चूक कबूल करणं हे मुलींना इतकं नवीन होतं की एकीनं घरी जाऊन सांगितलं, बाईंना काही येत नाही.

विमल बरी झाली, पण तिला शाळेत पाठवलं नाही. गावातली कुजबुजही थांबली नाही, नुसती वळण बदलून चालू राहिली. ऑपरेशन कशाचं झालं ते कोणी पाहिलंय? मुळीचं विष उतरवायलाच नेली असेल. वकिलाला कशानं बांधला तिनं, रोज जातो. अशी एकेक बोलणी. एप्रिलमध्ये समितीची बैठक झाली आणि बाईंना पुढच्या वर्षी ठेवायचं नाही असं ठरलं. त्यांची नेमणूक एकेका वर्षाचीच होती. कारण लिहायची गरजच नव्हती. निर्णय सांगायला वकीलसाहेब स्वतः खोलीवर आले. मी बाईंना सामान बांधायला मदत करत होते, कारण त्यांना आधीच अंदाज आलेला होता.

"तुमच्याविरुद्ध काहीही सिद्ध झालेलं नाही," वकीलसाहेब म्हणाले. "पण गावात चर्चा होते. मुलींच्या पालकांचा प्रश्न आहे. मी एकटा काय करणार?"

बाई बरण्या गोधडीत गुंडाळत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "वकीलसाहेब, मक्क्याबद्दल तुम्ही किती विचारलं मले. ऊब लागली काय, हात लागला काय, वेळ गेला काय. माझ्याबद्दल कोणी काही म्हटलं तेव्हा त्यातला एक तरी प्रश्न विचारला असता तर बरं झालं असतं."

वकीलसाहेबांनी टोपी काढली, हातात धरली, पुन्हा घातली. मग ते निघून गेले. मला त्यांचा राग आला होता आणि दयाही आली. ते वाईट माणूस नव्हते. मक्क्याच्या बाबतीत ते फार खरे होते.

मुकुटबनला नवी शाळा निघाली होती. तिथं विज्ञानाला कोणी मिळत नव्हतं. बाई तिथे जायला निघाल्या. सकाळच्या मोटारीनं यवतमाळ, तिथून वणी, तिथून मुकुटबन. मोटारस्टँडवर मी आणि खाला होतो. खालानं भाकरी बांधून दिली होती आणि ती पुन्हा पुन्हा डोळे पुसत होती. म्हणत होती, "इतनी शक्की बाई मी नाही पाह्यली. जाऊ नको व."

मोटारीचं टपावरचं सामान बांधून झालं तेवढ्यात विमल आली. लुगडं नेसलेली, सुकलेली, चालताना अजून एक हात पोटाशी. बाईंच्या समोर येऊन उभी राहिली.

बाईंचा डोळा बारीक झाला. "आईनं पाठवलं, का आपल्या मनानं आली?"

"आईले माहीत नाही."

"मग जा. सांगून ये."

"बाई, मोटार निघून जाईन."

"जाऊ दे. लपून भेटशील तर उद्या त्याच्यावरही बोलतील. आईले सांग, मी बाईले भेटायला चालली. नाही म्हणाली तर येऊ नको. हो म्हणाली तर ये." एवढं बोलून त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथे बराच वेळ राहिला. विमल गेली. तिचं घर फार लांब नव्हतं, पण तिला धावता येत नव्हतं.

बाई खिडकीजवळ बसल्या. गोधडीत गुंडाळलेल्या बरण्या मांडीवर. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. मी त्याला म्हटलं, जरा थांबा. तो थोडा थांबलाही. मग लोक ओरडायला लागले आणि मोटार सुटली. बाईंनी मला हात केला नाही. त्या माझ्या पलीकडे, विमल गेली त्या वाटेकडे पाहत होत्या, वळणापर्यंत.

धुराळा अजून खाली बसला नव्हता तेव्हा विमल आली. तिला हाताला धरून तिची आई आणत होती. आईच्या पायात चपला नव्हत्या. चुलीपुढून उठून तशीच निघाली असावी, हाताला पीठ होतं.

"गेली काय?"

"आत्ताच," मी म्हटलं.

ती रस्त्याकडे पाहत राहिली. पिठाचा हात पदराला पुसला. "मी काय बोलली असती तेही मले समजत नव्हतं," ती म्हणाली. मग विचारलं, "ते मुकुटबन कुठं आलं?"

मी सांगितलं. यवतमाळ, मग वणी, मग पुढे.

"लई लांब हाय बाप्पा," ती म्हणाली. विमलला सावकाश चालवत ती परत घेऊन गेली.

पुढच्या उन्हाळ्यात त्या दोघी मुकुटबनला जाऊन आल्या. दोन मोटारी बदलून, वाटेत वणीला मुक्काम करून. मला हे विमलनंच सांगितलं. बाईंकडे त्या दोन दिवस राहिल्या. आई आणि बाई संध्याकाळी अंगणात खूप वेळ बोलत बसायच्या, असं ती म्हणाली. काय बोलायच्या ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. जून लागला तेव्हा विमल पुन्हा शाळेत आली. तिच्यापेक्षा लहान मुलींच्या वर्गात बसायला तिला लाज वाटत होती. तिची आई तिला पहिले काही दिवस फाटकापर्यंत सोडायला येत असे आणि घंटा होईपर्यंत तिथेच, सगळ्यांच्या देखत, उभी राहत असे.